सासूबाईंची घागर आणि पृथ्वीचं फिरणं

पृथ्वी स्वतःभोवती फिरते या विधानाला मी भोरमध्ये नोकरीत होते तोवर कोणीही हरकत घेतली नाही. मुलं ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, मी गुण देत असे आणि पृथ्वी आपलं काम करत असे. हरकत निघाली ती मी निवृत्त झाल्यावर, वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी, पिठलं-भाकरीच्या ताटावर.

प्रेरणा माझ्या शेवटच्या तुकडीतली. गुंजवण्याच्या अलीकडे कोंडाळवाडी म्हणून वस्ती आहे, तिथली. भोरला मावशीकडे राहून तिने बारावी केली आणि पुण्यात बी.एस्सी.ला तिला प्रवेश मिळत होता. फक्त तिचे वडील आनंदराव हो म्हणत नव्हते. लग्नाचा वगैरे विषय नव्हता. आनंदरावांचं गडावर जाणाऱ्या लोकांसाठी घरगुती जेवणाचं हॉटेल आहे. ऑर्डर घेणं, मोबाईलवर जमा झालेले पैसे बघणं, वाट चुकलेल्या पुणेकरांना फोनवरून वाटेला लावणं आणि भाकरीत मैदा आहे का या प्रश्नाला न हसता उत्तर देणं, हे सगळं प्रेरणा करायची. ती गेली की हॉटेल बसणार, असा त्यांचा हिशेब. मी समजूत घालायला गेले. त्यांनी आधी मला जेवायला वाढलं आणि मग विचारलं,

"मॅडम, फिजिक्स शिकून करायचं काय?"

मी म्हटलं, "निसर्गाचे नियम समजतात. ते कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतात. सिद्ध करून दाखवता येतात."

"म्हंजे पृथ्वी फिरती, ते?"

"तेसुद्धा."

"तुमी बघितलीय फिरताना?"

मी उपग्रहांनी काढलेल्या छायाचित्रांबद्दल सांगू लागले. आनंदराव म्हणाले, "ते फोटू झालं. फोटूत माझ्या हॉटेलात बी एसी दिसतोय. तुमी सोता बघितलंय का?"

इतकी वर्षं शिकवून मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. चुलीजवळून त्यांच्या आई अंबूबाई म्हणाल्या, "जेवू द्या की बाईस्नी. पृथ्वी कुठं पळून चालली."

"दावा हितं वाडीत, माझ्या डोळ्याला," आनंदराव म्हणाले. "दावलंत तर पोरगी पाठवली. न्हाई दावलं तर ऱ्हाईल गल्ल्यावर. कबूल?"

प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. माझ्यामागे न्यूटनच्या तीन नियमांची भक्कम परंपरा उभी असताना एका हॉटेलवाल्यासमोर मान खाली घालायची मला काही गरज नव्हती. मी कबूल म्हटलं.

दाखवायचं कसं, याची सोय फुको नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने पूर्वीच करून ठेवली आहे. उंच छताला लांब तार बांधायची, तारेला जड गोळा लावायचा आणि तो एका सरळ रेषेत झोके घेत सोडून द्यायचा. बाजूने कोणी ढकललं नाही तर झोक्याने आपली रेषा बदलायचं काही कारण नाही. तरीही थोड्या वेळाने पाहावं तर ती रेषा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकलेली असते. झोका आपली रेषा धरून असतो. त्याच्याखालची जमीन, देऊळ, वाडी आणि आपण सगळे फिरत असतो. काटेकोर सांगायचं तर आपल्या अक्षांशावर हे जरा वेगळं आहे, पण ते मी इथे सांगत नाही. ते मी वाडीत सांगून पाहिलेलं आहे.

जड गोळ्यासाठी शाळेत गोळाफेकीचा गोळा मागितला. क्रीडाशिक्षक म्हणाले, साहित्य मैदानाबाहेर नेता येत नाही. मी म्हटलं, फेकायचं साहित्य मैदानाबाहेर जाण्याची शक्यता मुळातच असते. ते त्यांना आवडलं नाही. शेवटी घरातल्या माळ्यावरची पितळेची घागर उतरवली. खालून छान गोल, तोल उत्तम. लोहाराकडून तिच्यात लोखंडाचे तुकडे आणि सिमेंट भरून घेतलं, तोंडाशी कडी रोवली, आणि बुडाला बरोबर मध्यावर एक टोकदार खिळा डाग देऊन बसवला.

घागर माझ्या सासूबाईंची होती. माझे यजमान मधुकर कोषागारातून निवृत्त झालेले आहेत. वस्तू घराबाहेर गेली की ती परत आल्याची नोंद होईपर्यंत त्यांना झोप लागत नाही.

"आईची घागर आहे ती," ते म्हणाले. "तिच्यात सिमेंट?"

"जडपणा हवा."

"आईने तिच्यात पाणी तापवलंय आयुष्यभर."

"आता ती पृथ्वीचं परिवलन दाखवणार आहे."

"परत कधी येणार?"

शेजाऱ्यांचे सल्ले आपोआप आले. समोरच्या ब्लॉकमधल्या अश्लेषाताईंनी घागर ईशान्येला टांगायला सांगितलं, म्हणजे घरात भांडणं होत नाहीत. मी म्हटलं, ती टांगल्यावर सगळ्या दिशांना जाणार आहे. त्या म्हणाल्या, मग भांडणंही होतील. खालचे मानसिंगराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी परवानगी, मग तार. न्यूटनने काहीही सांगितलेलं असो." अश्लेषाताईंचं आणि मानसिंगरावांचं, दोघांचंही पुढे खरं ठरलं, आणि हे मी अजून त्यांना कळू दिलेलं नाही.

घागर एसटीने नेली. वस्तुमान म्हणजे साठवलेली ऊर्जा, हे मी कित्येकदा फळ्यावर लिहिलं आहे. घागर एसटीच्या पायरीवर चढवताना ती ऊर्जा कुठे साठवलेली असते आणि कुठून काढावी लागते, हे माझ्या कमरेला समजलं. कंडक्टरने तिचं लगेजचं तिकीट फाडलं आणि मी ती दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवली. नसरापूरच्या पुढे एक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. बस थांबली, आम्ही थांबलो. घागरीला थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरून बल लागेपर्यंत चालती वस्तू चालतच राहते या नियमाला धरून ती मधल्या वाटेने घरंगळत गेली आणि ड्रायव्हरच्या सीटमागच्या पत्र्याने तिला आवश्यक ते बल पुरवलं.

"बाई, हे काय घेऊन चाललाय?" कंडक्टरने विचारलं.

"घागर."

"पान्याची घागर अशी वाजत न्हाई."

"पाणी नाहीये तिच्यात. सिमेंट आहे."

तो पुढच्या स्टॉपचे पैसे गोळा करायला निघून गेला. मार्गासनीला उतरेपर्यंत सगळी बस माझ्याकडे वळून वळून बघत होती. विज्ञानाची आवड असलेल्या बाईकडे आपल्याकडे असंच पाहतात.

वाडीत उंच छत एकच: देवीचा सभामंडप. जुनं देऊळ धरणात गेलं, तेव्हा वाडीने वर नवं बांधलं, आणि जुन्याची हळहळ भरून काढावी म्हणून की काय, मंडप भलताच उंच घेतला. छताच्या मधोमध एक मजबूत हूक आहे. मुंबईला नोकरीला असलेल्या मंडळींनी झुंबर द्यायचं कबूल केलं आहे, त्याचा हा हूक. देवळाचा गुरव आणि देवस्थान समितीचा सचिव एकच, गोरख नावाचा तरुण. तो म्हणाला, "हूक झुंबराचा हाय. दुसरं कायबी लावायचं तर ग्रामसेवकाचा कागद पायजे."

ग्रामसेवकांकडे चार गावं होती आणि मी ज्या गावात जाई त्या गावातून ते नुकतेच गेलेले असत. अतिवेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालतं, हे सिद्ध झालेलं आहे. जागेवरून न हलणाऱ्या अर्जाचं घड्याळ इतकं हळू कसं चालतं, याचं उत्तर अजून कोणाकडे नाही. शेवटी ते भेटले. माझ्या अर्जात मी 'वैज्ञानिक उपकरण' असं लिहिलं होतं.

"देवळात वैज्ञानिक बसत नाही," ते म्हणाले. "धार्मिक लिहा."

"हे धार्मिक नाही."

"मग शाळेत टांगा."

"शाळेचं छत माझ्या डोक्याला लागतं."

"मॅडम, माझ्याकडे दोनच प्रकार आहेत. मंडपात झुंबर, नाहीतर लोंबती वस्तू, धार्मिक."

प्रवेशाची तारीख जवळ येत होती. मी सही केली. माझी घागर महाराष्ट्र शासनाच्या दप्तरी आता लोंबती वस्तू, धार्मिक, अशी आहे.

वाडीने ही नोंद शासनापेक्षा जास्त मनावर घेतली. मी तार लावून घागर टांगली आणि चहाला गेले. परत येते तो घागरीला हळद-कुंकू लागलेलं आणि गळ्यात झेंडूचा हार. हारामुळे हवा एका बाजूने अडते आणि सरळ झोका लंबगोल व्हायला लागतो, हे मी गोरखला समजावलं. तो म्हणाला, "हार काढायचा म्हंजे देवीचा कोप." मी म्हटलं, घागर सासूबाईंची आहे. त्याने विचारलं, "त्या वारल्या न्हाईत का? मग झालंच की."

हार मी स्वतः उतरवला. कोप झाला नाही, फक्त सखूबाई नावाच्या बाई माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटची अडचण खुंट्यांची. झोका सरकतो हे दिसावं म्हणून खाली गोल रिंगणात लहान खुंट्या उभ्या करतात. रेषा फिरेल तशी घागरीच्या बुडाचा खिळा एकेक खुंटी पाडत जातो. खुंट्या करणारा सुतार सासरवाडीला भाताच्या लावणीला गेला होता. मी देवीसमोरच्या ताटातल्या सुपाऱ्या पाहिल्या. बुडाशी चपट्या, नीट उभ्या राहणाऱ्या, जवळजवळ एकसारख्या. मी त्या मागितल्या. गोरखने इतक्या पटकन आणि इतक्या आदराने दिल्या, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मला माहीत नव्हतं ते असं. जुन्या देवळात देवी कौल द्यायची. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या सुपाऱ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण नव्या देवळात आणताना मूर्तीला वज्रलेप केला आणि ती इतकी गुळगुळीत झाली, की सुपारी ठेवली की दोन्हीकडच्या एकदमच खाली येतात. घर्षण कमी झालं, इतकंच. परंतु वाडीच्या हिशेबी देवी रुसली होती. गेली कित्येक वर्षं कौल बंद, आणि वाडीचे प्रश्न साठून राहिलेले. तिथे मी देवीच्या पुढ्यात कलशासारखी घागर टांगली आणि तिच्याखाली सुपाऱ्या मांडल्या.

प्रयोगाच्या दिवशी मंडप भरला. पंखे बंद, दारं लोटलेली. घागर बाजूला ओढून सुती दोऱ्याने खांबाला बांधली. तिला हाताने सोडायची नाही, हात लागला की बाजूचा धक्का बसतो, दोरा जाळायचा. मी काडेपेटी काढली. अंबूबाईंनी निरांजन पुढे केलं. जळण्याचा नियम दोन्हीकडे एकच असल्यामुळे मी वाद घातला नाही. दोरा जळला. घागर निघाली, देवीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. संथ, सरळ, आवाज न करता. थोड्या वेळाने देवीच्या बाजूची पहिली सुपारी पडली. मग तिच्या शेजारची. मग तिच्याही शेजारची.

आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते माझ्यासमोर चालत होतं. पृथ्वी फिरत होती आणि मला ती दिसत होती. मी आनंदरावांकडे वळले.

"बघितलंत?"

"बघितलं," ते म्हणाले. "झोका सरकला."

"झोका नाही सरकला. जमीन फिरली."

"म्या सकाळपासनं हितंच बसल्ये," अंबूबाई खांबाला टेकून म्हणाल्या. "फिरले आसते तर मला कळलं नसतं व्हय?"

मी म्हटलं, "आजी, एसटी एका वेगाने चालली असताना डोळे मिटले तर चाललीय का उभी आहे, कळतं?"

"आमच्या एसटीत कळतं."

मी त्याच एसटीने आले होते, म्हणून मी तो विषय सोडला. तेवढ्यात गोरख देवीसमोर आडवा झाला आणि उठून म्हणाला, "कौल सुरू झाला."

पुढे काय झालं, ते संतापाशिवाय लिहिणं मला अवघड जातं. गोरखने रिंगण मोडलं. देवीच्या बाजूला दोनच सुपाऱ्या ठेवल्या, झोक्याच्या रेषेच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक. विचारणाऱ्याने देवीकडे तोंड करून उभं राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, हे नियमाने चालतं, इच्छेने नाही. गोरख म्हणाला, "देवीबी नियमानंच चालती, मॅडम."

पहिला नंबर धनाजीचा. धनाजी आणि गेनू हे सख्खे भाऊ, दोघांच्या शेतांमध्ये एक बांध, आणि तो कोणाचा यावर दोघांची बोलाचाली बंद. धनाजीने विचारलं, "बांध माझा का?" अर्ध्या तासाने उजवी सुपारी पडली. वाडी गहिवरली. गेनू पुढे आला. त्याने विचारलं, "बांध माझा का?" घागर पुन्हा त्याच रेषेत सोडली. उजवी सुपारी पडली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तर पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. भारतातून पाहिलं तर ही रेषा घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने सरकते. देवीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने देवीकडचं टोक कायम उजवीकडे जातं. धनाजीला हो, गेनूला हो, कोणीही काहीही विचारलं तरी हो. निसर्गाचा नियम कोणाची भीड ठेवत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मी हे मंडपात उभं राहून, स्वच्छ मराठीत सांगितलं.

"म्हंजे तुमाला आदीच म्हाईत हुतं?" धनाजीने विचारलं.

"हो."

"मग तुमीच पाडताय."

त्यानंतर दोघा भावांत पहिल्यांदा एकमत झालं आणि ते माझ्याविरुद्ध होतं. तरी धनाजी म्हणत राहिला की त्याची सुपारी आधी पडली. गेनूची बायको म्हणाली, वेगवेगळ्या प्रश्नांच्या सुपाऱ्यांत आधी-नंतर कसलं. दोन घटनांमध्ये आधी कोणती हे पाहणाऱ्याच्या वेगावर अवलंबून असू शकतं, असं सापेक्षतेचा सिद्धान्त सांगतो. पण त्याला प्रकाशाच्या जवळपासचा वेग लागतो. इथे नुसती भावकी पुरली.

मी आनंदरावांना बाजूला घेतलं. "माझं काम झालंय. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आता शब्द पाळा."

"पाळतो की. पन हे पृथ्वीनं दावलं का देवीनं, ते मला कसं कळावं?"

"पृथ्वीने."

"गोरख म्हनतोय देवीनं. गावात ऱ्हायचंय मला, मॅडम. पृथ्वीवर तर सगळेच ऱ्हात्यात." आणि ते पुढे म्हणाले, "देवीलाच विचारू. आई विचारल."

अंबूबाई मनाने वाईट नाहीत. प्रेरणा दोन वर्षं भोरला होती तेव्हा त्यांनी शनिवारची एसटी कधी चुकवली नाही. स्वतः भोरला गेल्या नाहीत, पण नात येते का हे बघायला फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पुणे त्यांना फार लांब वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्या देवीसमोर गेल्या, पदर पुढे धरला आणि म्हणाल्या, "पोरीनं घरीच ऱ्हावं का गं?"

मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडत नाही. मी गोरखला इतकंच म्हटलं की प्रश्न उलटा विचारा. तो म्हणाला, देवीला विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही. दोरा जळला. अंबूबाई खांबापाशी जाऊन बसल्या. त्यांना एवढ्या लांबून सुपारी दिसत नाही. मंडपात एकटी मी अशी होते जिला उत्तर माहीत होतं, आणि पृथ्वी थांबवायचा माझ्याकडे काहीही उपाय नव्हता. कोण्या एका मुलीच्या प्रवेशासाठी तरी तिने अर्धा तास उलट फिरायला काय हरकत होती, असा अत्यंत अशास्त्रीय विचार माझ्या मनात येऊन गेला. तो मी इथे नोंदवून ठेवते.

सुपारी पडली.

"उजवी," गोरख म्हणाला. "हो दिला. पोरगी घरीच."

आनंदरावांनी सुस्कारा सोडला. मी पर्स उचलली. तेव्हा प्रेरणा आजीच्या शेजारी जाऊन बसली. इतके दिवस ती पोरगी काही बोलली नव्हती. झोका बघत बसायची आणि हॉटेलात वाढायला जायची. मोठ्या आवाजात बोलली असं नाही, पण मंडप उंच आहे, सगळं ऐकू येतं.

"आजी, जुन्या देवळात कौल तू बघितलायस ना?"

"मग. गोरखच्या बापाच्या हातचा."

"उजवी सुपारी म्हणजे कोणाची उजवी? आपली का देवीची?"

"देवीची," अंबूबाई लगेच म्हणाल्या. "तिच्या उजव्या खांद्याची. मानसाचं उजवं-डावं कोन इचारतंय तिथं?"

देवीचं तोंड आपल्याकडे. आपलं उजवं ते तिचं डावं. मला हे शिकवायला दोन तास लागायचे आणि मागच्या बाकावर तरीही कोणाला पटायचं नाही. इथे ते सगळ्यांना एकदम पटलं. गोरखचा चेहरा उतरला. त्याच्या बापाने देवीच्या खांद्याकडे पाहून सांगितलेलं, याने कधी पाहिलं नव्हतं. नव्या देवळात कौल झालाच नव्हता तर कुठून पाहणार.

"मग देवीची कोंची पडली?" अंबूबाईंनी विचारलं.

शेवटी आनंदराव म्हणाले, "डावी, आई."

अंबूबाईंनी नातीकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांना समजलं होतं, आणि बोललेलं खरं होतं. त्यांनी कमरेची पिशवी काढली, तीतून दोन नोटा काढून प्रेरणाच्या हातात कोंबल्या आणि म्हणाल्या, "न्हाई म्हनली ती. घरी न्हाई ऱ्हायचं. जा मग. शनवारची एसटी पकडून येत जा."

धनाजी-गेनूचे दोन्ही होकार त्याच दमात नकार झाले. बांध दोघांचाही नाही. एकाला मिळाला नाही याचं दुसऱ्याला इतकं समाधान झालं, की त्या संध्याकाळी दोघे एका टेम्पोतून घरी गेले. प्रेरणाचा प्रवेश तारखेच्या आत झाला. जाताना मी तिला विचारलं, हे तुला सुचलं कसं.

"मॅडम, तुम्हीच वर्गात सांगायचात की. उत्तराआधी विचारा, बघणारा कुठे उभा आहे."

बोर्डाच्या परीक्षेत याच प्रश्नाला तिने दोन गुण घालवले होते. हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.

आनंदरावांनी मला पुढच्या आठवड्यात फोन केला. "मॅडम, शास्त्र खरं बरं का. देवीनंच सांगितलं." मी फोन ठेवला. इतकी तार, इतकं सिमेंट, ती एसटी, तो ग्रामसेवक, आणि वाडीत पृथ्वी फिरते असं मानणारं एकसुद्धा माणूस वाढलं नाही. एक होतं, तेही पुण्याला गेलं.

राहिली घागर. मधुकर रोज विचारत. शेवटी एका रविवारी आम्ही दोघे ती आणायला गेलो. घागरीला आता चांदीचा पत्रा बसला होता. गोरख म्हणाला, "मॅडम, तुमचीच वस्तू. पन ती नेऊ का, हे देवीला इचारावं लागंल." नवा नियम पक्का झाला होता: देवीचं उजवं म्हणजे हो. पृथ्वी पूर्वीच्याच दिशेने फिरत होती. म्हणजे आता कोंडाळवाडीत कोणी काहीही विचारलं तरी नाही येणार, हे मला माहीत होतं. प्रेरणा पुण्याला गेल्यावर हे वाडीत माहीत असलेली मी एकटीच उरले होते.

"विचार," मधुकर म्हणाले. "नीट विचार. आईची घागर आहे."

मी देवीसमोर उभी राहिले. विचारण्याच्या दोन पद्धती होत्या. घागर इथेच ठेवू का, असं विचारलं असतं तर ती संध्याकाळपर्यंत आमच्या माळ्यावर असती. घागर छतापासून संथ झोके घेत होती, देवीपर्यंत जाऊन परत येत होती. तिच्याखाली वाडी, गड, धरणाचं पाणी आणि गुंजवण्याकडे जाणारा रस्ता सगळं हळूहळू वळत होतं, आणि चारदोन पोरं मांडी घालून ते बघत बसली होती. कोणी त्यांना काही सांगत नव्हतं. ती नुसती बघत होती.

मी विचारलं, "घागर घरी नेऊ का?"

अर्ध्या तासाने गोरख म्हणाला, "डावी."

मार्गासनीला आम्ही परतीची बस धरली. मधुकर म्हणाले, "एवढं फिजिक्स शिकवलंस, तुला साधा प्रश्न नीट विचारता आला नाही."

मी खिडकीबाहेर पाहत होते. झाडं मागे जात होती. किंवा आम्ही पुढे जात होतो.